रचनात्मक अविश्वास

टेकाडेला शून्य मतं पडली.

हुलसूरकर सरांनी आकडा वाचला, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचला. शून्यच होतं. मग वर्ग हसला. वर्ग म्हणजे फार नाही. एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही सातजण होतो. वर्गप्रतिनिधी निवडायचा होता, मतदार सात होते आणि उमेदवारही सातच होते. प्रत्येक अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, त्यामुळे प्रत्येकानं आपल्या दोन-दोन प्रतिस्पर्ध्यांच्या नावाची हिरिरीनं शिफारस केली होती. सर म्हणाले होते, जगातल्या कुठल्याही लोकशाहीत लोकांचा एवढा सहभाग नाही. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता की काळजी, हे मात्र कळलं नाही.

"सर, एकडाव पेटी पाहून घ्या ना," टेकाडे उभा राहून म्हणाला. "एखांदी चिठ्ठी चिकटली असंन आतमधी."

मतपेटी म्हणून विभागातली प्रथमोपचाराची पेटी घेतली होती. सरांनी ती टेबलावर उलटी करून दाखवली. आतून कापसाचा एक बोळा पडला. सरांनी तोही उलगडून पाहिला.

"अरे पण टेकाडे," संग्राम नाडे म्हणाला, "स्वतःला तरी दिलंस का नाही?"

"मतदान गुप्त असते," टेकाडे म्हणाला आणि खाली बसला.

परत हशा. संग्रामचे काका जिल्हा परिषदेत होते, त्यामुळे तो हसला की वातावरणच तसं व्हायचं. दैवशाला मुसळे तेवढी हसली नाही. पहिल्या बाकावर हात मांडीत घेऊन ती बसली होती आणि टेकाडेकडे अशी बघत होती, जणू त्याला आत्ताच कुत्रं चावलंय.

हे मी नंतर आठवून सांगतोय. या सगळ्याला आता नऊ वर्षं होतील. त्या वेळी माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं, कारण मी निवडून आलो होतो.

"बिडवे हर्षल, दोन मतं," सरांनी वाचलं. संग्रामला एक, दैवशालाला एक, आणि वाचनालयात मुक्कामाला असलेल्या तिघा स्पर्धापरीक्षावाल्यांना एकेक. "बहुमत नाही," सर म्हणाले, "पण सर्वाधिक मतं आहेत. आपल्याकडे तेवढ्यावर कारभार चालतो." आणि त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. एरवी ते आम्हाला 'अरे-तुरे' करायचे. निवडणुकीच्या काळात मात्र 'तुम्ही' म्हणायचे. "अभिनंदन. तुम्ही आता जबाबदार झालात."

मी गमतीनं उभा राहिलो होतो. आमच्या वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. मी निवडून आलो तर विद्यापीठातली बाकीची सगळी घड्याळं त्याच्याशी जुळवून घेईन, एवढंच माझं आश्वासन होतं. भाषण संपल्यावर एका स्पर्धापरीक्षावाल्यानं, याला खर्च किती येईल, असं विचारलं होतं. तो अजिबात हसत नव्हता. मी माहिती घेऊन सांगतो म्हणालो होतो.

बाकीचे मात्र गमतीनं उभे नव्हते. त्या वर्षी वर्गप्रतिनिधीला दिल्लीला जायचं होतं. देशभरातल्या विद्यार्थी प्रतिनिधींचं संमेलन होतं, जाणं-येणं-राहणं विद्यापीठाकडून, शिवाय एक दिवस संसदेच्या प्रेक्षक सज्जात बसायला मिळणार होतं. संग्रामला तिथं फोटो काढायचे होते. स्पर्धापरीक्षावाल्यांना पुढं मुलाखतीत सांगायला काहीतरी हवं होतं. माझा खोलीतला जोडीदार टेकाडे यवतमाळकडचा, त्याला आयुष्यात एकदा थंडी म्हणजे काय ते बघायचं होतं.

आणि दैवशालाला खरोखरच जायचं होतं.

दिल्लीच्या एका विद्यापीठाची पीएच.डी.ची लेखी परीक्षा ती पास झाली होती, आणि मुलाखत नेमकी त्याच आठवड्यात होती. घरचे तिला एकटीला पाठवणार नव्हते. विद्यापीठाचं पत्र असेल, सोबत विद्यापीठाची माणसं असतील, तरच जा, असं वडिलांनी सांगितलं होतं. तिनं हे फक्त टेकाडेला सांगितलं, म्हणजे अर्थातच सगळ्यांना कळलं. मतदानाच्या आदल्या दिवशी ती वर्गात नसताना टेकाडेनं बाकावर चढून आवाहनच केलं होतं, "लेकहो, तिले जाऊ द्या. तिची तिथं मुलाखत हाय. आपल्याले काय, नुसती थंडी पाहाची हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. संग्रामनं तर "हा तिचा हक्कच आहे," असंसुद्धा म्हटलं होतं.

आणि तिला पडलं एक मत.

ते मी दिलं होतं.

हे डोक्यात आलं तेव्हा मी सरांचा हात हातात धरून उभा होतो, आणि तो सोडायचा राहून गेला. माझं मत तिला. तिला एकूण मतं एक. म्हणजे तिनं स्वतःला मत दिलंच नव्हतं. सात उमेदवारांत जिला खरी गरज होती, तिनंच.

"बिडवे," सर म्हणाले, "हात."

*

वसतिगृहाच्या खाणावळीत टेकाडे ताटात मान घालून जेवत होता. तिसऱ्या पोळीला मी त्याला विचारलं, "तू कुणाला दिलंस रे?"

"गुप्त असते."

"टेकाड्या, तुला शून्य मतं आहेत. तुझं गुप्त काय राहिलंय आता?"

त्यानं वरणाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली. "तुले देल्लं."

"मला? का?"

"अबे, तू स्वतःले देणार नाही हे मले माहीत होतं. बाकीचा कोण देते तुले? म्हटलं, आपला पार्टनर हाय, शून्यावर राहू नये. लोक हसते."

"आणि दैवशाला?"

"तिले तर सारे देऊनच राहिले होते ना!" तो खरोखर चिडून म्हणाला. "मीच सांगतलं होतं साऱ्याईले. माह्या एका मतानं तिचं काय अडलं असतं?"

मला दोन मतं होती. त्यातलं एक टेकाडेचं. दुसरं माझं नव्हतं, मग कुणाचं होतं? संग्राम दुसऱ्याला मत देण्याची शक्यता नव्हती. एकदा वर्गात सरांनी आवडत्या नेत्याचं नाव लिहायला सांगितलं होतं, तेव्हाही त्यानं स्वतःचंच लिहिलं होतं. तिघे स्पर्धापरीक्षावाले पलीकडच्याच टेबलावर होते. मी जाऊन विचारलं. तिघांनीही स्वतःला मत दिल्याचं लगेच मान्य केलं, आणि हा प्रश्न परीक्षेत येऊ शकतो का, असं विचारलं.

उरली एकच.

"दैवशालानं मला मत दिलंय," परत येऊन मी टेकाडेला सांगितलं.

टेकाडेचा हात पोळीवर थांबला. शून्य मतांचं दुःख त्याच्या चेहऱ्यावरून बघता बघता उतरलं. "म्हंजे तू तिले देल्लं. अन् तिनं तुले देल्लं."

"हो."

"एकमेकाईले न सांगता."

"हो."

"लेका, हे राज्यशास्त्र नोहे."

मीही तेच म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्टाला इस्त्री केली. दोन्ही बाजूंनी केली.

*

ती कॅन्टीनमध्ये पोह्यांची प्लेट पुढे घेऊन बसली होती आणि त्यातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होती. दीड वर्ष एका वर्गात असून ती मला 'तुम्ही' म्हणायची. तिच्या गावाकडं तशीच पद्धत होती. ती म्हणते म्हणून मीही 'तुम्ही' म्हणायचो, आणि मग दोघांनाही बैठकीला आल्यासारखं वाटायचं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "काल राहूनच गेलं."

"मुसळे, एक विचारू? तुम्ही स्वतःला मत का नाही दिलं?"

शेंगदाणा धरलेला हात तसाच राहिला. "कोण म्हणलं?"

"गणित."

"मला एक मत पडलंय की. माझंच असंल ते."

"ते माझं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. खरं सांगायचं तर माझ्याकडे बघून इतकं कुणी आधीही उजळलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी कॉलर नीट केली.

"म्हंजे एक होतं," ती म्हणाली. "दुसऱ्याचं. खरंखुरं."

"होतं ना. आणि तुमचं मला होतं."

"हो."

"का बरं?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"तुम्ही निवडून येणार नव्हता म्हणून."

मी कॉलरवरचा हात खाली घेतला.

"माझं मत कुठंतरी टाकायचं होतं बघा," ती समजावून सांगू लागली. "कोरी चिठ्ठी टाकली तर सर 'एक मत बाद' असं मोठ्यानं वाचतात, मग चौकशी होती. म्हणलं, कुणाला दिलं तर कशालाच धक्का लागणार नाही? तेवढ्यात तुमचं ते घड्याळाचं भाषण झालं."

"आवडलं तुम्हाला?"

"नाही. म्हणून तर."

अशी माझ्या विजयाची हकिकत होती. वर्गातल्या दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, आपलं मत वाया घालवायचं ठरवलं होतं, आणि दोघांनीही त्यासाठी मलाच निवडलं होतं. लाट म्हणतात ती हीच असावी.

"पण टाकायचंच कशाला?" मी विचारलं. "तुमचं मत तुम्हाला दिलं असतं तर तुम्हाला दोन झाली असती. मला एकच राहिलं असतं. आज पत्र तुमच्या हातात असतं."

"माहितीये. काल बेरीज मोडून मोडून बघितली मी." तिनं प्लेट बाजूला सारली. "तुम्हाला वाटत असंल, काय येडी पोरगी आहे."

"नाही. नुसतं कळत नाहीये."

वेचलेले शेंगदाणे ती टेबलावर एका रांगेत लावायला लागली.

"आमच्या वॉर्डात महिलांची जागा होती. मी नववीला असंल. गावातल्या पुढाऱ्यानं त्याच्या भावजयीचा अर्ज भरला. तो छाननीत उडाला तर पंचाईत नको, म्हणून आमच्या आईचापण एक भरून ठेवला. डमी म्हणतात त्याला. नंतर मागं घ्यायचा असतो. तर माघारीच्या दिवशी आईला तहसीलला न्यायची जीप घाटात बंद पडली. वेळ गेली. आईचं नाव मशीनवर आलं, चिन्ह आलं. शिलाई मशीन. पुढारी म्हणला, असू द्या वहिनी, फक्त बटन आपल्या बाईचं दाबा. बाबांनी दाबलं. चुलत्यांनी दाबलं. आईनंपण दाबलं. मोजणीच्या दिवशी लाउडस्पीकरवर वाचलं. कौसल्या रामकिसन मुसळे, शून्य."

कॅन्टीनवाल्यानं कपबशा धुवायला घेतल्या होत्या. ती त्या आवाजाच्या वर बोलली नाही. मीच थोडा पुढे झुकलो.

"आता गावात नवीन पाहुणा आला की आईची ओळख तशीच करून देतात. या आमच्या शून्य मतवाल्या. ती चहा ठेवते त्यांना. मी एकदा विचारलं तिला, आई, तू तरी तुला द्यायचं होतंस, कोण बघतंय आत? ती म्हणली, मला वाटलं, देईल की कुणीतरी एक."

मी तिचा एक शेंगदाणा खाल्ला.

"म्हणून मला बघायचं होतं," दैवशाला म्हणाली. "टेकाडेभाऊंनी सगळ्यांना सांगितलेलं. सगळ्यांनी माना हलवल्या म्हणे. मी हिशोब केला, टेकाडेभाऊ एक, आणखी दोन-तीन तरी येतील. माझं न धरता मी निवडून येते का, तेवढं बघायचं होतं. माझं धरून एकच पडलं असतं, तर आईच्या शून्यात आणि माझ्या एकात काय फरक? आता कळलं. एक आलं. बास झालं मला."

"बास कसं? मुलाखत?"

"पुढच्या वर्षी बघू." ते तिनं ज्या तऱ्हेनं म्हटलं, त्यावरून पुढच्या वर्षी काय होणार ते दोघांनाही माहीत होतं.

"मी सोडतो. तुम्ही जा."

"तुम्ही देणार आणि मी घेणार?" ती उठली. "तसं नको, बिडवे. तसं तर पुढारीपण देत होताच की."

*

"राजीनामा देता येणार नाही," हुलसूरकर सर म्हणाले.

"का, सर?"

सरांनी कपाटातून विभागाची घटना काढली. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका बॅचनं ती प्रकल्प म्हणून लिहिली होती. एकशे बारा कलमं होती. युद्ध, आणीबाणी, परदेशी विद्यार्थ्यांचे हक्क, झेंडा, सगळं होतं. राजीनामा नव्हता. "त्या बॅचमध्ये कुणालाच काही सोडावंसं वाटलं नव्हतं," सर म्हणाले. "आणि जनादेश म्हणजे काय मावशीनं पाठवलेला चिवडा आहे, शेजाऱ्याला देऊन टाकायला?"

"सर, पण तिची मुलाखत आहे."

"मला ठाऊक आहे. तिचं शिफारसपत्र मीच लिहिलंय." सरांनी पानं उलटली. "संध्याकाळी कुलसचिवांकडे नाव जाणार. तोवर एकच मार्ग आहे. कलम सत्याऐंशी. अविश्वास ठराव. पण साधा नाही. घटना लिहिणारी बॅच मी जर्मनीवरचा परिसंवाद ऐकून आलो त्या वर्षीची आहे. रचनात्मक अविश्वास. म्हणजे असलेल्याला नुसतं पाडता येत नाही. त्याच्या जागी कोण, हे त्याच ठरावात सांगावं लागतं. मतदान उघड, हात वर करून, आणि प्रत्येकानं नाव उच्चारायचं. एकूण सदस्यांचं बहुमत. सातात चार."

"ठराव कोण मांडू शकतं?"

"कुठलाही सदस्य."

"मीसुद्धा?"

सरांनी मान वर केली. अध्यापनाची इतकी वर्षं काढल्यावर माणसाला वर्गात नवीन काही दिसत नाही. त्या क्षणी त्यांना दिसलं. "स्वतःवर?" ते म्हणाले. "मांडा. मांडाच. मी सगळ्यांना तीन वाजता बोलावतो."

*

तीन वाजता, म्हणजे आमच्या घड्याळात दोन वीसला, मी स्वतःविरुद्ध अविश्वास ठराव मांडला आणि पर्याय म्हणून दैवशाला मुसळे हे नाव सुचवलं. ती पहिल्या बाकावरून वळून माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्यावर आभार वगैरे काही नव्हतं. पण आता मला थांबणं शक्य नव्हतं.

मी माझ्यावर पंधरा मिनिटं बोललो. माझी हजेरी काढली. गेल्या सत्रात तौलनिक राजकारणाच्या पेपरात मी स्वित्झर्लंडला समुद्रकिनारा दिला होता, ते सांगितलं. माझा जाहीरनामा अंमलात आणण्याजोगा नाही आणि माझा तसा विचारही नव्हता, हे कबूल केलं. असा माणूस दिल्लीला गेला तर विभागाची इभ्रत जाईल, तेव्हा सभागृहानं त्याला तात्काळ पायउतार करावं, असं म्हणून मी बसलो.

टाळ्या वाजल्या. मला वाटलं, झालं काम.

"मी या ठरावाच्या विरोधात आहे," एक स्पर्धापरीक्षावाला उठून म्हणाला. "स्वतःच्या उणिवा इतक्या मुद्देसूद सांगणारा नेता मी अजून बघितला नाही. असा माणूस राहिला पाहिजे."

"अगदी बरोबर," दुसरा म्हणाला. तो वहीत काहीतरी उतरवून घेत होता.

संग्राम उठला. "काल निवडणूक, आज अविश्वास. अस्थिरतेचा विकासावर काय परिणाम होतो हे सरांनीच शिकवलंय. काकापण तेच म्हणतात. बिडवेनं पाच वर्षं पूर्ण करावीत."

"सहा महिने," सर म्हणाले. "अभ्यासक्रम संपतोय."

टेकाडे माझ्या कानाशी लागला. "अबे, तू तं जिंकून राहिला! अजून थोडा बोलला असता तं बिनविरोध झाला असता."

सरांनी मतदान पुकारलं. "ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करावा. मी विचारीन तेव्हा नाव सांगावं."

मी हात वर केला. "कुणासाठी?" "दैवशाला मुसळे." सरांनी लिहिलं. टेकाडेनं हात वर केला. "कुणासाठी?" "दैवशाला मुसळे, अन् काल चूक झाली, सर, तेबी लिहा." सरांनी तेही लिहिलं. मग तिसरा स्पर्धापरीक्षावाला उभा राहिला, खर्च विचारणारा. "दैवशाला मुसळे," तो म्हणाला. "बिडवेंनी अद्याप आकडे दिलेले नाहीत."

तीन.

"विरोधात?" संग्राम आणि उरलेले दोघे. तेही तीन.

दैवशालाचे दोन्ही हात बाकाखाली होते.

सरांनी पेनाचं टोपण उचललं. आता ते लावणार, ठराव फेटाळला म्हणणार, आणि मी दिल्लीला जाणार, हे दिसत होतं. त्यांनी टोपण पेनाजवळ नेलं. पण लावलं नाही. "मुसळे," ते म्हणाले, "आपण तटस्थ आहात का?"

ती उभी राहिली. "मला बोलायचंय, सर."

"आता?" संग्राम म्हणाला. "मतदान झालंय की. असा कुठं नियम आहे?"

सरांनी घटना त्याच्या हातात दिली. "नसेल कदाचित. शोधा. सापडेपर्यंत त्या बोलतील."

संग्राम पहिल्या कलमापासून शोधायला लागला.

"मला जायचंय," दैवशाला म्हणाली. तिचा आवाज आधी वर गेला, मग तिनं तो खाली आणला. "बिडवे आता बोलले ते सगळं सोडून द्या. ते चांगले आहेत का वाईट, त्याच्याशी माझं देणंघेणं नाही. मला जायचंय. माझी मुलाखत आहे आणि ती मी पास होणार आहे. या वर्गात सगळ्यांत जास्त अभ्यास माझा आहे, हे तुम्हाला सगळ्यांना माहितीये, परीक्षेच्या आधी माझ्याच वह्यांच्या झेरॉक्सा काढता. टेकाडेभाऊंनी परवा सांगितलं म्हणे माझ्यासाठी. ते मीच सांगायला पाहिजे होतं. आता सांगते. मला मत द्या."

ती थांबली आणि एकेकाकडे बघायला लागली. वह्यांच्या उल्लेखानं दोघे स्पर्धापरीक्षावाले बाकाकडे बघू लागले, पण त्यांचे हात हलले नाहीत. संग्राम आणीबाणीच्या कलमांपर्यंत पोहोचला होता, त्यानं मान वर केली नाही. टेकाडेनं हात आणखी उंच केला, पण त्याचं मत आधीच मोजलेलं होतं.

ती थांबून राहिली. कुणीतरी देईल म्हणून माणूस थांबतं, तशी. मी मनातल्या मनात त्या दोघांना शिव्या देत होतो. तिचा श्वास मला माझ्या बाकावर ऐकू येत होता.

कुणीच दिलं नाही.

मग तिनं उजवा हात वर केला. आधी कोपरापर्यंत, आणि मग पूर्ण.

"कुणासाठी?" सरांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"नाव सांगावं लागेल. इतिवृत्तात 'माझ्यासाठी' असं लिहिता येत नाही."

तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, आणि कुणी विचारलं नसताना गाव, तालुका, जिल्हा. सरांनी एकही शब्द न गाळता सगळं लिहून घेतलं.

"चार," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. "ठराव मंजूर."

संग्रामनं घटना मिटली. टेकाडेनं माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली, की मी पदच्युत झाल्याचं मला अंगावरच कळलं. दैवशाला मात्र तशीच उभी होती, हात वर धरून.

"झालं ना आता," टेकाडे तिला म्हणाला. "मोजलं सरांनी. घे खाली."

"राहू दे," ती म्हणाली. "थोडा वेळ राहू दे."